जुन्या गाडीच्या डॅशबोर्डवरचे मीटर: दुरुस्त करायचे की बदलायचे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फियाट-पद्मिनी, अ‍ॅम्बॅसेडर, स्टँडर्ड हेराल्ड, जुनी महिंद्रा जीप. या गाड्या घरात जपणाऱ्यांचे प्रश्न फिरून फिरून तेच असतात. काटा हलत नाही, काटा नाचतो, काटा खोटं बोलतो. गॅरेजमध्ये यावर झटपट उपाय सांगतात, "नवीन मीटर टाकू." माझं म्हणणं उलट आहे. मीटर सगळ्यात शेवटी उघडायचा, आणि मूळ मीटर कधीही भंगारात द्यायचा नाही. तसं का, ते पुढच्या उत्तरांतून कळेल.

काटा हलतच नाही. मीटर गेला असं समजायचं का?

लगेच नाही. आधी फ्यूज बघा, मग अर्थ, म्हणजे गाडीच्या लोखंडी बॉडीतून बॅटरीकडे परत जाणारी जोडणी. डॅशबोर्डचा पत्रा रंगवून घेतल्यावर मीटर "मेले" अशी तक्रार फार येते. मीटरची बॉडी पत्र्यावर टेकून अर्थ घेते, आणि नवीन रंगाचा थर मध्ये आला की तो अर्थ तुटतो. एक वायर मीटरच्या बॉडीला आणि दुसरं टोक चेसिसच्या उघड्या लोखंडाला लावून बघा. काटा जागा झाला तर मीटर शाबूत आहे. त्यानंतर मागचे चपटे टर्मिनल काढून, हिरवी बुरशी घासून परत घट्ट बसवा. चाळीस-पन्नास वर्षांच्या वायरिंगमध्ये बिघाड बहुतेक वेळा जोडणीतच सापडतो.

डॅशबोर्डमागे हात घालण्याआधी बॅटरीची अर्थची वायर काढायची. तपासणीपुरती जोडली तरी पाना-पक्कड तिथून दूर. जुन्या गाड्यांत बरेच सर्किट फ्यूजशिवाय असतात, आणि एक शॉर्ट झाला की अख्खा वायरिंगचा गुच्छ जळतो.

पेट्रोलचा आणि टेम्परेचरचा, दोन्ही काटे एकदम चुकीचे दाखवायला लागले. असं कसं?

दोन मीटर एकाच दिवशी बिघडत नाहीत. दोघांना सामाईक असलेली वस्तू बघा. साठच्या दशकाच्या मध्यापासून ब्रिटिश घडणीच्या गाड्यांत स्मिथ्स कंपनीचे थर्मल, म्हणजे आतली तार तापून काटा हलवणारे, मीटर आले. त्यांच्या मागे नखाएवढ्या तर कधी काडेपेटीएवढ्या पत्र्याच्या डबीत व्होल्टेज स्टॅबिलायझर असतो. त्याच्या आत दोन धातूंची पट्टी आणि तिच्यावर गुंडाळलेली बारीक तार. तार तापली की पट्टी वाकते, संपर्क तुटतो. थंड झाली की पुन्हा जुळतो. या उघडझापीतून मीटरला सरासरी १० व्होल्ट मिळतात, बॅटरी १२ दाखवो की डायनॅमो १४ देवो.

संपर्क चिकटला किंवा डबीचा अर्थ गेला की सरळ १२ ते १४ व्होल्ट जातात आणि दोन्ही काटे वर चढतात. टाकी भरलेली, इंजिन तापलेलं! संपर्क जळून उघडाच राहिला तर दोन्ही काटे खाली पडतात. तपासायला काट्याचा जुना मल्टीमीटर उत्तम. त्याचा काटा शून्य आणि बारा यांच्यामध्ये लयीत हेलकावताना दिसला तर स्टॅबिलायझर जिवंत आहे. डिजिटल मल्टीमीटरवर नुसते आकडे उड्या मारतात, काही बोध होत नाही.

ही डबी ठरलेल्या दिशेनेच, उभी बसवायची असते. आडवी टांगली तर आतल्या पट्टीची उष्णता वेगळी पसरते आणि व्होल्टेज बदलतं.

स्टॅबिलायझर मिळत नाही. इलेक्ट्रॉनिक बसवला तर चालेल?

चालेल, आणि या एका बदलाला माझा मनापासून होकार आहे, कारण तो जुन्या डबीच्या आत लपवता येतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास ७८१० नावाची तीन पायांची आयसी मिळते. ती १० व्होल्ट देते. पण नेहमीच्या ७८१० ला आत येणारं व्होल्टेज बाहेर पडणाऱ्यापेक्षा साधारण २ व्होल्ट जास्त लागतं. इंजिन बंद असताना आणि बॅटरी थोडी उतरलेली असताना ती दहा व्होल्ट धरू शकत नाही, म्हणून लो-ड्रॉपआउट प्रकारची मागा.

आता खरी मेख. जुन्या ब्रिटिश घडणीच्या बऱ्याच गाड्या पॉझिटिव्ह अर्थच्या होत्या, म्हणजे बॅटरीचा पॉझिटिव्ह बॉडीला. तुमची गाडी तशीच राहिली असेल तर ७८१० लावू नका. तिथे ७९१० लागते. तिच्या पायांचा क्रम वेगळा असतो, आणि तिची पाठीची धातूची पट्टी अर्थला नव्हे तर इनपुटला जोडलेली असते. ती उघडी पत्र्याला टेकली की थेट शॉर्ट. मध्ये अभ्रकाचं वॉशर घालाच.

पेट्रोलचा काटा एकटाच बिघडलाय. दोष टाकीत की मीटरमध्ये, हे कसं ओळखायचं?

चावी फिरवा आणि काटा कसा उठतो ते बघा. झटकन उडून जागेवर गेला तर मीटर दोन कॉइलचा, जुन्या पद्धतीचा. दमादमाने चढला तर थर्मल. हे आधी कळायला हवं, कारण दोघांच्या चाचणीचा अर्थ उलटा निघतो.

टाकीवरच्या फ्लोट युनिटची (आतला तरंगता फ्लोट आणि त्याला जोडलेली रेझिस्टन्सची तार) वायर काढून मोकळी धरा. थर्मल मीटर रिकामी टाकी दाखवेल, जुना ब्रिटिश कॉइलचा मीटर भरलेली. तीच वायर क्षणभर बॉडीला टेकवली की बरोबर उलटं. काटा असा दोन्ही टोकांना गेला तर मीटर आणि वायर ठीक, दोष टाकीत. क्षणभर म्हणजे क्षणभरच. थर्मल मीटरच्या आतली तार केसाएवढी असते, ती जळली की मीटर कायमचा जातो. मी वायर सरळ टेकवण्याऐवजी रेझिस्टर वापरतो. स्मिथ्सच्या थर्मल मीटरला साधारण २० ओमवर काटा 'फुल', ६८ च्या आसपास अर्धा आणि २४० ला 'रिकामा' दाखवायला हवा.

आणि ही चाचणी टाकीच्या झाकणापाशी करू नका. तिथे ठिणगी म्हणजे आग. वायरचं दुसरं टोक डिकीत किंवा डॅशबोर्डमागे सापडतं, तिथे करा.

फ्लोट युनिट दुरुस्त होतं का? आणि २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचा काही संबंध?

पितळी फ्लोटला बारीक छिद्र पडून आत पेट्रोल शिरलं की तो बुडतो आणि काटा 'रिकामा'वरून हलत नाही. कानाशी हलवून बघा, आत खळखळ ऐकू येते. त्याला डाग द्यायचा मोह आवरा. आत पेट्रोलची वाफ असताना सोल्डरिंग करणं जिवावर बेतू शकतं. नवीन फ्लोट स्वस्त असतो. रेझिस्टन्सची तार झिजली असेल तर काटा एखाद्या ठरावीक पातळीला, बहुधा अर्ध्या टाकीपाशी, थरथरतो. अशी तार नवीन गुंडाळणारे कारागीर अजून आहेत.

इथेनॉलचा संबंध आहे, आणि तो अनेकांच्या लक्षात येत नाही. फार जुन्या काही गाड्यांत फ्लोट बुचाच्या लाकडाचा असतो आणि त्यावर लाखेचा थर दिलेला असतो. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. थर गेला की बूच पेट्रोल पितं, जड होतं आणि चिकट गाळ कार्ब्युरेटरपर्यंत पोचतो. युनिटखालचं जुनं रबरी किंवा बुचाचं पॅकिंगही फुगतं आणि पाझरतं. टाकी उघडलीच आहे तर दोन्ही इथेनॉल सोसणाऱ्या मालाचे घाला.

टेम्परेचरचा मीटर खरं सांगतो का, ते घरी कसं तपासायचं?

सेन्सर काढून, वायर लांबवून, स्टीलच्या पातेल्यातल्या पाण्यात सोडा. सेन्सरची बॉडी अर्थला जोडायला विसरू नका. पाणी तापवत न्या, शेजारी थर्मामीटर धरा आणि काट्याच्या जागा लिहून ठेवा. मुंबईत पाणी १०० अंशाला उकळेल, पुण्यात ९८ च्या आसपास आणि महाबळेश्वरात ९५-९६ लाच, तेव्हा निव्वळ उकळीवर विसंबू नका. सेन्सर परत बसवताना आट्यांवर टेफ्लॉन टेपचे वेढेच्या वेढे गुंडाळले तर त्याचा अर्थ तुटतो आणि काटा कमी तापमान दाखवतो. खंबाटकीच्या चढावर ही फसवणूक महागात पडते. म्हणून या एका मीटरच्या बाबतीत मी "असू दे, चालतंय" ऐकून घेत नाही.

तुमच्या मीटरमागून इंजिनपर्यंत वायरऐवजी बारीक तांब्याची नळी जात असेल तर तो इथर भरलेला, बंद नळीचा प्रकार. ही नळी कापायची नाही, मोडायची नाही, सोल्डरही करायची नाही. इंजिन उतरवताना गोगलगाईच्या शंखासारखी मोठ्या वेटोळ्यात गुंडाळून बाजूला बांधा. तुटली तर नव्या इथरसह भरून देणारा तज्ज्ञच लागतो.

ऑइल प्रेशरचा मीटर काढून नुसता दिवा ठेवला तर?

दिवा दाब जवळजवळ संपल्यावरच पेटतो. मीटर त्याच्या कितीतरी आधी सांगतो की गरम इंजिनला दाब रोज थोडा थोडा उतरतोय. मीटर असेल तर ठेवा. फक्त त्याची नळी बघा. कडक झालेली प्लॅस्टिकची नळी फुटली की गरम ऑइल थेट चालकाच्या पायांवर.

अँमीटर ठेवायचा की काढायचा?

अँमीटर म्हणजे बॅटरीत येणारा-जाणारा करंट दाखवणारा मीटर. मूळ डायनॅमो असेल तर ठेवा. ल्युकस कंपनीच्या सी-४० डायनॅमोतून २२ अँपिअर निघतात आणि ३०-०-३० चा अँमीटर ते आरामात सोसतो. पण तुम्ही अल्टरनेटर बसवला असेल तर गणित बदलतं. स्टार्टर सोडून गाडीचा जवळपास सगळा करंट या मीटरमधून जातो. मागची एखादी नट-बोल्टची जोडणी जराशी सैल झाली तरी ती तापते, प्लॅस्टिक वितळतं आणि डॅशबोर्डमागून धूर येतो. अशा गाडीत अँमीटरच्या दोन्ही जाड वायर एकमेकींना पक्क्या जोडून, इन्सुलेट करून ठेवाव्यात आणि त्या डायलच्या जागी व्होल्टमीटर लावावा. इंजिन चालू असताना १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसले की चार्जिंग ठीक. मूळ अँमीटर डबीत घालून, चिठ्ठी लावून जपून ठेवा.

स्पीडोमीटरचा काटा नाचतो आणि टिकटिक आवाज येतो. काय करायचं?

इथे दोष मीटरचा नसून बहुधा केबलचा. गिअरबॉक्सपासून येणारी केबल कोरडी पडली किंवा कुठे घट्ट वाकली की ती अडखळत, पीळ घेत आणि मग सुटत फिरते. काटा तेच दाखवतो. केबलचा कुठलाही वळसा १५ सेंटिमीटर त्रिज्येपेक्षा घट्ट नसावा. आतली तार बाहेर ओढा, पुसा, गुळगुळीत फरशीवर ठेवून बोटांनी लोळवा. टोक उडी मारत असेल तर तार वाकलेली आहे, बदला. सरळ असेल तर हलकं ग्रीस लावा, पण मीटरकडचा वरचा वीतभर भाग कोरडा सोडा. ग्रीस फिरत्या तारेवरून वर चढतं आणि मीटरच्या आत शिरतं.

आत शिरलं की काय होतं, ते समजून घेण्यासारखं आहे. १९०२ साली ओटो शुल्झे यांनी पेटंट घेतलेली रचनाच या मीटरांत असते. केबल एक चुंबक फिरवते. चुंबकाभोवती अ‍ॅल्युमिनियमची वाटी असते, पण ती चुंबकाला कुठेही टेकत नाही. फिरत्या चुंबकामुळे वाटीत विद्युतप्रवाह तयार होतो आणि ती मागोमाग ओढली जाते, बारीक केसस्प्रिंग तिला रोखून धरते. या ओढाताणीत काटा जिथे थांबतो तो वेग. मधल्या फटीत चिकट ग्रीस गेलं की वाटी चुंबकाबरोबर सरळ फिरू लागते आणि वीसच्या वेगाला काटा शंभराच्या पलीकडे. म्हणून मीटरमध्ये गंज सोडवणारा फवारा कधीही मारू नका. दांड्याच्या बुशवर घड्याळाच्या तेलाचा एक थेंब पुरतो.

स्पीडोमीटर वेग चुकीचा दाखवतो. दुरुस्त होतो का?

आधी टायर मोजा. फियाट ११०० वर मूळचे ५.२०-१४ मापाचे टायर. त्या जागी वेगळ्या मापाचे रेडियल घातले की घेर बदलतो, आणि घेर पाच टक्के कमी झाला तर मीटर पाच टक्के जास्त दाखवतो. फोनवरचा जीपीएस लावून सपाट, सरळ रस्त्यावर ४० आणि ६० चा वेग पडताळा. (फोन शेजारी बसलेल्याच्या हातात द्या.)

मीटर टेबलावर तपासायचा असेल तर डायलच्या खालच्या कोपऱ्यात बारीक आकडा शोधा, उदाहरणार्थ १०००. एका मैलात केबलचे इतके फेरे, असा त्याचा अर्थ. ताशी ६० मैल म्हणजे मिनिटाला एक मैल, तेव्हा केबल मिनिटाला १००० फेरे फिरवली की काटा ६० वर हवा. वेग कमीजास्त करता येणाऱ्या ड्रिलने हे होतं, फक्त फिरण्याची दिशा गिअरबॉक्सवर आधी बघून घ्या. चुंबक क्षीण झाला असेल तर मीटर कमी वेग दाखवतो. पुन्हा चुंबकित करण्याचं काम कॅलिब्रेशनवाल्याचं. केसस्प्रिंगला चिमटा लावण्याचा उद्योग स्वतः करू नये.

ओडोमीटरचे आकडे मागे किंवा शून्यावर आणता येतात का?

मोडलेली गरारी किंवा सटकलेलं चाक दुरुस्त करताना आकडे हलतात, ते कामाचा भाग आहे. तेव्हा आधीच्या आकड्याचा फोटो आणि तारीख गाडीच्या फाइलमध्ये ठेवा आणि मीटर त्याच आकड्यावर परत बसवा. विकण्यासाठी आकडा कमी करणं ही सरळ फसवणूक आहे. तसंही पाच आकड्यांचा ओडोमीटर ९९,९९९ नंतर शून्यावर येतो, त्यामुळे जाणकार माणूस आकड्यावर नव्हे, पेडलच्या झिजलेल्या रबरावर विश्वास ठेवतो.

डायल मैलांचा आहे. किलोमीटरचा करून घ्यावा का?

माझं मत: नको. साठच्या दशकातली गाडी मैलांतच बोलते आणि तेच तिचं वय आहे. काचेच्या आतल्या कडेला ३० मैल म्हणजे ४८ किलोमीटर अशा बारीक खुणा करता येतात आणि नंतर काढताही येतात.

डायल काळवंडलाय, काचेवर आतून धुकं. साफ कसं करू?

मागचे वाकवलेले कान हळूच उठवून क्रोमची कडी फिरवून काढा. एकेक कान एकदाच वाकतो, दुसऱ्यांदा तुटायची भीती असते. काच साबणाच्या पाण्याने धुवा. डायलला मात्र पाणी, पेट्रोल, थिनर, काच पुसायचा फवारा यातलं काहीच लावू नका. आकडे पडद्याच्या छपाईचे असतात, एका पुसण्यात सहाचा शून्य होतो. मऊ ब्रश आणि हवेचा फुगा एवढंच. उघडल्याबरोबर डायलचा सपाट, भरपूर रिझोल्युशनचा फोटो काढून ठेवा, पुढे छापून घ्यायची वेळ आली तर तोच आधार. काट्याला जाड रंग फासला तर त्याचं वजन बदलतं आणि तोल जातो. आतल्या भिंतींचा फिकट निळसर-हिरवा रंगही मुद्दाम दिलेला असतो, रात्रीचा तो सौम्य उजेड त्यातूनच येतो. पांढरा मारू नका.

अंधारात चमकणारे जुने आकडे असतील तर?

मीटर उघडू नका. महायुद्धाच्या काळातल्या लष्करी गाड्या आणि त्याआधीच्या काही मोटारींच्या डायलवर रेडियमचा रंग असू शकतो. आता तो चमकत नाही म्हणून निरुपद्रवी झाला असं नाही. चमकणारा झिंक सल्फाइड थकतो, रेडियमचं अर्धायुष्य मात्र सुमारे १६०० वर्षं आहे. खरवडलेली धूळ श्वासात जाणं हा खरा धोका. काचेआड बंद राहू द्या.

मीटरमध्ये एलईडी बल्ब लावू का?

प्रकाशाच्या दिव्यांना लावा, उबदार रंगाचे. पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीत ध्रुव तपासून घ्या. चार्जिंगच्या लाल दिव्याला मात्र नाही. अल्टरनेटर जागा करायला लागणारा थोडासा करंट त्याच बल्बमधून जातो, एलईडी तो पुरेसा देत नाही आणि चार्जिंग सुरूच होत नाही.

बाजारातून जुना मीटर घेताना काय बघायचं?

मुंबईत चोरबाजार आणि कुर्ल्याच्या भंगारगल्ल्या, पुण्यात बुधवार-रविवारचा जुना बाजार, कोलकात्यात मल्लिक बाजार. पद्मिनी कुर्ल्यातच बनायची, आणि मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. टॅक्सीतून निघालेल्या मीटरचे बुश फार झिजलेले असतात. मागचा दांडा बोटाने डावी-उजवीकडे हलवून बघा. खेळ जाणवला तर ठेवून द्या. केबलचं टोक खिशात घेऊन जा, चौकोनी खाच आणि आटे तिथेच जुळवा. डायलवरचा फेऱ्यांचा आकडा तुमच्या मीटरच्या आकड्याशी जुळतो का ते बघा, नाहीतर वेग आणि अंतर दोन्ही चुकतील. पेट्रोलच्या मीटरचे दोन टर्मिनल मल्टीमीटरने तपासा, काहीच रीडिंग नसेल तर आतली तार तुटलेली आहे. बंद पडलेला पण सुंदर डायलचा मीटरही घ्या. पुढे दोनांचा एक होतो.

नवीन युनिव्हर्सल सेट घातला तर कटकट संपेल ना?

जोडी जुळली तरच. अमेरिकी पद्धतीच्या मीटरला रिकामी टाकी म्हणजे २४० ओम आणि भरलेली ३३. युरोपातल्या व्हीडीओ कंपनीच्या पद्धतीत रिकामी १० आणि भरलेली १८०, म्हणजे उलटंच. जुनं स्मिथ्सचं फ्लोट युनिट ठेवून व्हीडीओचा मीटर लावला तर भरलेली टाकी रिकामी दिसेल. मीटर आणि सेन्सर नेहमी एकाच पद्धतीचे, जोडीने घ्या. आणि त्यासाठी मूळ डॅशबोर्डला नवं भोक पाडू नका. स्टिअरिंगखाली पट्टी लावून त्यावर बसवा.

व्हिंटेज नोंदणी करायची आहे. मीटर बदलल्याने अडचण येईल?

केंद्राच्या २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात जपलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नवीन नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, पुनर्नोंदणीचं ५,०००, आणि नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात. चेसिस, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार नसावा, असा रोख आहे. मीटरची दुरुस्ती त्यात बसत नाही. तरी तपासणीला जाताना मूळ मीटर जागेवर आणि चालू स्थितीत असलेला बरा.

कारागिराकडे देताना काय सांगायचं?

तोंडी नाही, कागदावर लिहून द्या. गाडीचं मॉडेल आणि साल, पॉझिटिव्ह की निगेटिव्ह अर्थ, टायरचं माप, ओडोमीटरचा आकडा, आणि नेमकी तक्रार: "थंड असताना ठीक, तापल्यावर काटा पडतो" अशी. मागच्या वायरींचे रंग आणि जागा यांचा फोटो स्वतःकडे ठेवा. "पॉलिश नको, डायल रंगवू नका, जुने सुटे भाग परत द्या" हे तीन वाक्यांत खाली लिहा आणि मीटरसोबत केबल, स्टॅबिलायझर व सेन्सरही द्या, म्हणजे सगळं एकत्र तपासून मिळेल.